‘प्रयाग’ नावाचा फॉन्ट बंद करण्याबाबत

मु. खालचा कोंड (उमरठच्या अलीकडे),
ता. पोलादपूर, जि. रायगड

चि. साहिल यास,

आत्याचे आशीर्वाद. (रागात दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत, कमी धरू नकोस.) तुझं पित्त कसं आहे? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतोस आणि वर वडापाव खातोस, मग पित्त होणार नाही तर काय होणार. आमसुलं पाठवली होती ती पाण्यात भिजवून घ्यायची असतात, डब्यात ठेवून बघायची नसतात. आम्ही इथे सुखरूप आहोत. राजेशचं काम ठीक चाललंय, पूजा बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली, आणि बाळ रात्री जागून दिवसा झोपतं, म्हणजे काकावर गेलं आहे. म्हैस आटली. बाकी सर्व क्षेम.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की तू म्हणतोस, ‘आत्या, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो’, आणि तुझी पाच मिनिटं गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरतात. शिवाय आपल्या घरात रेंज फक्त गोठ्याच्या मागे येते, आणि मला जे बोलायचंय ते म्हशीच्या देखत बोलण्यासारखं नाही. तर मुद्द्याचं सांगते. माझी अक्षरं परत कर. तो फॉन्ट की काय तो बंद कर, आणि ज्यांनी ज्यांनी नेला असेल त्यांच्याकडून मागून घे.

आठवतं ना, मागच्या मे महिन्यात तू आंबे खायला आलास आणि आंबे सोडून अंगणवाडीच्या भिंतीचे फोटो काढत बसलास. ती बाराखडी मी रंगवली होती, तेव्हा मी सेविका होते आणि पोरं अक्षराला भीत असत. सरकारी तक्त्यावरची अक्षरं अशी ताठ उभी असायची की पोरांना वाटे, ही आता सुई टोचणार. म्हणून मी अ ला पोट काढलं, ग च्या कमरेवर कळशी दिली, ठ ला मांडी घालून बसवला, झ ला नाचायला लावलं आणि ळ ला चष्मा घातला. (ढ सुद्धा आधी बसलेला होता. पोरांना ते आवडेना, म्हणून त्याला पाय काढून पळता केला.) शेजारच्या गावांतल्या सेविकांनी बघितलं, त्यांनीही बोलावलं, म्हणून त्यांच्याही भिंती रंगवल्या. हे सगळं तू कौतुकानं ऐकलंस आणि म्हणालास, ‘आत्या, याचा फॉन्ट करतो.’ मला वाटलं फॉन्ट म्हणजे फोटोची फ्रेम असेल. मी हो म्हटलं आणि तुला घावणे वाढले. (चूक तिथेच झाली. म्हणजे हो म्हणण्यात, घावण्यात नव्हे.) तू त्याला माझं नाव दिलंस आणि वाटेल त्यानं फुकट घ्यावा म्हणून मोकळा सोडलास. फुकट म्हटलं की आपली माणसं काय करतात हे तुला मुंबईत राहून कळू नये याचं नवल वाटतं.

तुमच्याकडे बोर्डावरचं अक्षर कोणी लिहिलं हे कोणी विचारत नाही. इथे आधी तेच विचारतात. या खोऱ्यातली निम्मी तरणी माणसं माझ्या भिंतींसमोर बसून शेंबूड पुसायला शिकली आहेत. त्यांच्या आयांनी ती अक्षरं रोज बघितली आहेत. तेव्हा त्या अक्षरात जे असेल ते प्रयागबाईनं लिहिलंय, म्हणजे प्रयागबाई तसं म्हणाली, असं सगळे धरून चालतात. छापलंय, मशीनवर निघालंय, असं सांगून बघितलं. ‘असंल बाई, पन अक्षर तुमचंच ना?’ असं मलाच विचारतात.

आणि यात ठमाबाईचं काय होईल याचा तू विचारच केला नाहीस. ठमाबाई तुला आठवत असेल. वरच्या कोंडातली, आपल्या अंगणवाडीची मदतनीस. मी शिकवायची, ती खिचडी शिजवायची, आणि पोरं रडायला लागली की मी शिकवणं थांबवायची आणि ती खिचडी. राजेशच्या लग्नापासून ती माझ्याशी बोलत नाही. आपल्यात बोलावणं घरी जाऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊन करतात हे राजेशला ठाऊक असून त्यानं पत्रिका मोबाइलच्या ग्रुपवर टाकली आणि मला म्हणाला, आई, सगळ्यांना पोचलं, तू हळदीचं बघ. ठमाबाईकडे मोबाइल नाही, ग्रुपही नाही. ती लग्नाला आली नाही. मी म्हटलं, एका टोपात जन्मभर डाव घातलेल्या बाईला बोलावणं कसलं लागतं? ती म्हणाली (तिच्या मुलाच्या, भरतच्या बायकोला, मला नव्हे), ‘बोलावल्याबिगर घरात शिरायला मी काय मांजर हाय?’ तेव्हापासून नदीवर गाठ पडली तरी ती डोंगराकडे बघते आणि मी पाण्याकडे. साहिल, मला तिची फार आठवण येते. राजेशला हे बोललेली नाही. तुला सांगते, कारण तू लांब आहेस आणि विसरभोळा आहेस.

आता तुझ्या फॉन्टचे प्रताप ऐक. पहिला मान ग्रामपंचायतीचा. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते ती वैशाली, माझीच विद्यार्थिनी, तिनं ‘मोकाट गुरे कोंडवाड्यात घालण्यात येतील’ अशी नोटीस तुझ्या अक्षरात काढून पाराजवळ डकवली. (छान दिसतं म्हणून, असं नंतर म्हणाली. दिसत होतंही छान. गुरे मधला ग कळशी घेऊन निघाला होता.) दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीभाऊ काठी आपटत ओटीवर हजर. या वयात त्यांना चढण चढवत नाही, पण राग चढवतो. ‘प्रयाग, माझ्या बैलावर नोटीस काढतेस? माझा बैल तुझ्या दारात कधी आला व्हता?’ मी म्हटलं, भाऊ, ही ग्रामपंचायतीची नोटीस आहे. ते म्हणाले, ग्रामपंचायतीला मी वळखतो, तिला असा ग काढता येत नाय. शेवटी मी चहा केला, त्यांनी तो घेतला आणि जाताना मोठ्या मनानं म्हणाले की बैल बांधीन, पण ग्रामपंचायत म्हणते म्हणून नव्हे, तू म्हणतेस म्हणून. गंमत अशी की त्या आठवड्यात गावातली सगळी गुरं दावणीला. सरपंचांनी मला बोलावून पुढच्या नोटिशीत काय घालू या म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. (प्लास्टिक नदीत टाकू नये, एवढं मात्र सुचवलं.)

मग डोळे दाखवायला महाडला गेले. एस. टी. स्टँडवर उतरले तर समोर ब्युटी पार्लर, माझ्या अक्षरात. त्याच्या बाजूला केसगळतीवर हमखास इलाज, माझ्या अक्षरात, आणि माझे स्वतःचे केस तू बघितलेच आहेस. दवाखान्यात डॉक्टरांनी वाचायला लावलेला तक्ता तेवढा तुझ्या तावडीतून सुटला होता, त्यामुळे मला खालच्या दोन ओळी दिसल्या नाहीत. परतीला पूजाच्या आईला घ्यायला वीर स्टेशनवर गेले. ज्या रिक्षात बसलो तिच्या पाठीवर लिहिलेलं, ‘हळू चालवा, घरी वाट बघतायत’. आणि त्या माणसानं रिक्षा अशी हाणली की विहीणबाई डोळे मिटून रामरक्षा म्हणू लागल्या. मी म्हटलं, अरे, मागे काय लिहिलंयस ते वाच. तर म्हणतो, ‘ते मागच्या गाडीवाल्यासाठी हाय, बाई.’

निवडणुकीत तर कहर झाला. दोन्ही उमेदवारांचे फ्लेक्स माझ्या अक्षरात, समोरासमोर, एकाच पिंपळाला बांधलेले. गाव म्हणू लागलं, प्रयागबाई दोन्हीकडे आहे. मग दोन्हीकडची माणसं येऊन गुपचूप विचारू लागली की बाई, मनातून कुणाकडे? मी खरं सांगितलं की मनातून मी गुडघ्याकडे. दोघांनीही हळदीकुंकवाला बोलावलं, दोन डबे मिळाले, झाकणं एकमेकांना बसत नाहीत.

पण सगळ्यात वर ते हायवेवरचं परमिट रूम. आपल्या अंगणवाडीच्या दारावर मी काय लिहिलं होतं ते तुझ्या फोटोत असेल: ‘आत या, बसा, रडू नका’. त्या मालकानं पहिले दोन तुकडे घेतले आणि तिसरा गाळला. झालं. माझे जुने विद्यार्थी, ज्यांना आयांनी फरफटत माझ्याकडे आणलं होतं, ते आता एका हाकेसरशी आत जाऊन बसतात. एकाच्या बायकोनं मला भर बाजारात गाठलं. तिचा नवरा म्हणे घरी सांगतो, बाईंनीच बसा म्हणून लिवलंय, बाईंचा शबूद कसा मोडू? मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिथे गेले, दारात उभी राहिले आणि फक्त हजेरी घेतली. नावं मला अजून पाठ आहेत. निम्मं परमिट रूम मागल्या दारानं रिकामं झालं. मालक हात जोडून बाहेर आला. तोही माझाच निघाला. लहानपणी खिचडीतले वाटाणे वेचून फेकायचा.

हे सगळं मी एक वेळ हसण्यावारी नेलं असतं. पण मग बोलावणी सुरू झाली. मंडळाची सत्यनारायणाची पत्रिका, दहीहंडीचं पोस्टर, क्रिकेटच्या सामन्यांचं ‘अगत्य येण्याचे करावे’, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, कुणाच्या पोराची मुंज, सगळं प्रयागबाईच्या अक्षरात. भरतच्या बायकोनं येऊन सांगितलं की वरच्या कोंडात ठमाबाई ओटीवर बसून म्हणाली, ‘समद्या तालुक्याला बोलावनं धाडतेय, आनि मलाच तेवढं नाय.’ त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही. वाटलं, उठावं आणि वर जावं. मग वाटलं, ती डोंगराकडे बघेल आणि मी तिच्याच दारात उभी राहून बघू कुठे? नदी तर खाली राहिली. गेले नाही. या अक्षरांनी माझ्या तोंडून जगाला काय काय सांगितलं, आणि जे मला एका बाईला सांगायचं होतं तेवढंच राहिलं. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं आणि हे बंद करवायचं.

तेवढ्यात किशोर मध्ये आला. किशोर म्हणजे पोलादपूरच्या बाजारातला चिकनवाला. (हाही माझाच. माझ्याकडे जे शिकले नाहीत ते या तालुक्यात धंदा करतात की नाही, कोण जाणे.) त्यानं हँडबिलं छापली आणि जीपवाल्यांकडे देऊन वाड्यावाड्यांत वाटली. त्यातलं एक ठमाबाईच्या हातात पडलं. मला याची गंधवार्ता नव्हती.

परवा दुपारी मी ओटीवर बाळाच्या दुपट्याला शिवण घालत बसले होते. बघते तर ठमाबाई उतारावरून येतेय. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, काखेत टोपली. मला वाटलं पुढे सयाजीभाऊंकडे चालली असेल. पण ती आपल्या कुंपणाच्या बेड्यातून आत आली, पायरीशी उभी राहिली आणि कनवटीतून कागद काढून माझ्यापुढे धरला. म्हणाली, ‘बोलावलंस, म्हनून आले.’

मी चष्मा लावला. वर मोठ्या अक्षरांत ‘अस्सल गावठी कोंबडी’, मध्ये तुरा काढलेला कोंबडा, खाली ‘घरपोच मिळेल, एकदा अवश्य भेट द्या’. अक्षर माझं. आणि ठमाबाईला वाचता येत नाही. हजेरीपटावर जन्मभर तिनं अंगठा लावला, शाईचं पॅड मीच धरायची. तिनं नुसतं अक्षर ओळखलं होतं आणि कुणाला न दाखवता, कुणाकडून न वाचवून घेता, आपलं समजून घडी घालून ठेवलं होतं. राजेश मागून आला आणि कागदाकडे बघून तोंड उघडू लागला, त्याला मी दूध आणायला पिटाळलं. (दूध घरात होतं.) मग मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, ‘ये गो. किती उशीर केलास.’

बसली. टोपलीत रानातून खणून आणलेले करांदे होते. चहा झाला, बाळाला मांडीवर घेऊन झालं, ते मेलं तिच्या मांडीवर दिवसाचं न झोपता तिच्याकडे टकामका बघत राहिलं. लग्नाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. करांदे मिठात उकडून खाल्ले आणि अंगणवाडीतल्या नव्या खिचडीला नावं ठेवली. दिवेलागणीला गेली. घर किती भरल्यासारखं वाटलं म्हणून सांगू.

पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. उलट आता धोका वाढला आहे. हे एक हँडबिल निभावलं. उद्या तिच्या हातात त्या परमिट रूमचा कागद पडला तर? ती ठेवणीतलं लुगडं नेसून हायवेवर जाऊन बसेल आणि म्हणेल, बाईनं बोलावलं. किंवा कुणीतरी शहाणा तिला तो कोंबडीचा कागद वाचून दाखवेल, आणि मग ती मला जन्मात तोंड दाखवायची नाही. तेव्हा बाबा, हात जोडते, पत्र मिळताच ‘प्रयाग’ बंद कर. दुसऱ्या कुणाचा हात धर. जगात भिंती काय कमी आहेत?

आमसुलं भिजव. लवकर निजत जा. बारशाला ये.

तुझी,
प्रयागआत्या

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. बंद करच, पण लगेच नको. आधी माझं एक काम कर. पुढच्या महिन्यात बारसं आहे, आणि राजेशनं बोलावणं पुन्हा ग्रुपवर टाकलं आहे. (मुलगा आहे, टाकून देता येत नाही.) मला एकच कार्ड हवंय, ठमाबाईसाठी. मी ते स्वतः घेऊन वर जाणार आहे, कुंकू, अक्षता सगळं घेऊन. माझ्या हातानंच लिहिलं असतं. दोन दिवस बसून बघितलं. पण पायरीवरून पडून मनगट मोडलं, त्यानंतर बॉलपेननं हे बारीक अक्षर जमतं, ब्रश धरला की हात थरथरतो. ग च्या हातातून कळशी पडते. हे मी कुणाला बोलले नाही. मला ते अक्षर आता काढता येत नाही, साहिल, ते फक्त तुझ्याकडे आहे. तेव्हा माझं अक्षर मला छापून पाठव. जाड कागदावर, मोठं. मजकूर काहीही घाल, तिला वाचता येत नाही, अक्षर दिसलं म्हणजे झालं.

ता. क. पाकीट भातानं चिकटवत होते तेवढ्यात ठमाबाई पुन्हा आली. म्हणाली, ‘बाई, त्यो कागद दे. भरतला गावठी कोंबडी पायजे, खाली किशोरचा नंबर हाय.’ मी पाकीट खाली ठेवलं. मग विचारलं, तुला वाचता येतं? तर म्हणते, ‘पोरांच्या मागं बसून तांदूळ निवडायची ना मी. पोरं शिकली, मग मी काय कानात बोळे घातले व्हते?’ मग हजेरीला अंगठा का लावायचीस? ‘तू पॅड फुडं करायचीस. तुला नाय कसं म्हनू?’ मी म्हटलं, अगो, कोंबडीचा कागद आहे हे कळत होतं तर लुगडं नेसून आलीस कशाला? ती बाळाकडे बघत म्हणाली, ‘अक्षर तुझं व्हतं ना. तू काय लिवीनास. मंग जे गावलं तेच घेऊन आले.’

आम्ही दोघी रडलो. राजेशला पुन्हा दुधाला पाठवला.

फॉन्ट राहू दे. आणि वर मजकूर काहीही घाल म्हटलंय ते खोडलं आहे असं समज. असं छाप: ‘ठमाबाई, बारशाला ये. पाळण्याची पहिली दोरी तुझ्या हातात. लग्नाचंही बोलावणं यातच धर. प्रयाग.’ दोनदा तपासून बघ. ती वाचणार आहे.